केशरी म्हणजे नेमका कोणता केशरी?

नवरात्र आठवड्यावर आले की डोंबिवली, कल्याण, ठाण्यातल्या मैत्रिणींच्या, ऑफिसांच्या आणि लोकलच्या डब्यांच्या ग्रुपवर नऊ रंगांची यादी फिरू लागते. या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र टाइम्सने ही प्रथा लोकप्रिय केली. आज ती यादी कॅलेंडरांत आणि साड्यांच्या दुकानांतही दिसते. तिच्यातले सात रंग वारांवरून येतात: रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी. वार पुन्हा आले की गुलाबी, जांभळा, मोरपिशी यांची पाळी येते. पांढऱ्याच्या आणि लालच्या दिवशी डब्यात सगळ्यांचे जमते. २०२५ मध्ये दुसऱ्या सोमवारी मोरपिशी आला. अशा दिवशी एकीची साडी हिरव्याकडे झुकलेली असते, दुसरीची निळ्याकडे, आणि तिसरी दोघींना सांगते की तुमचा मोरपिशी नाहीच, तो रामा आहे.

सगळ्यांच्या हातात यादी एकच होती. त्या यादीत नाव होते, व्याख्या नव्हती.

सणात याने काही बिघडत नाही. पण हाच प्रकार सोसायटीच्या बाहेरच्या रंगकामात होतो, शाळेच्या गणवेशात होतो, ढोलपथकाच्या फेट्यांच्या ऑर्डरीत होतो, छापखान्यात बोधचिन्ह छापताना होतो, तेव्हा पैसे जातात, वाद होतात, काम पुन्हा करावे लागते. कारखान्यातल्या नळांवरच्या रंगात झाला तर जिवावर बेतू शकते. म्हणून ज्यांना कुठल्याही कारणाने रंगांची यादी करावी लागते, त्यांनी ती कशी करावी, हे इथे सविस्तर सांगतो आहे.

आधी यादी कशासाठी, ते ठरवा

प्रत्येक यादीला बारीक व्याख्या लागत नाही. मुंबई महानगरातल्या मेट्रो मार्गांना रंगांची नावे आहेत. वडाळ्याहून ठाण्यामार्गे कासारवडवली-गायमुखकडे जाणारी मेट्रो ४ हिरवी, ठाणे-भिवंडी-कल्याण ही मेट्रो ५ नारिंगी, कल्याणहून डोंबिवलीमार्गे तळोजाकडे जाणारी मेट्रो १२ सुद्धा नारिंगी. नकाशावर बोट ठेवून ‘हिरवी कुठली?’ एवढेच विचारायचे असेल तर नाव पुरते, कारण हिरवा आणि नारिंगी एकमेकांपासून लांब आहेत. विजेच्या तीन फेजसाठी इलेक्ट्रिशियन लाल, पिवळा, निळा म्हणतो आणि अर्थिंगला हिरवा, तिथेही तसेच. ओल्या कचऱ्याचा डबा हिरवा, सुक्याचा निळा. डबा कुठल्या छटेचा आहे यावरून कचरा चुकत नाही.

अशा ओळखीच्या यादीसाठी नियम सोपा आहे: रंग कमी ठेवा, एकमेकांपासून लांबचे निवडा, आणि रंगासोबत अक्षर किंवा आकडाही द्या. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात, आणि हा दोष सहसा एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने पुरुषांत तो कितीतरी जास्त आढळतो. त्यांच्यासाठी ‘हिरवा डबा, लाल डबा’ ही सूचना अपुरी आहे. डब्यावर ‘ओला’, ‘सुका’ असे ठळक लिहिले की प्रश्न मिटतो.

यादी जुळवणीची असेल, म्हणजे आज रंगवलेले आणि सहा महिन्यांनी रंगवायचे हे दोन्ही शेजारी ठेवल्यावर एकच दिसायला हवे असेल, तर मात्र नाव अजिबात पुरत नाही. रंगाचे नाव हे एखाद्या गावाच्या नावासारखे आहे. पाकिटावर नुसते ‘डोंबिवली’ लिहून पत्र घरी पोचत नाही. ‘निळा’ या नावाच्या हद्दीत हजारो छटा राहतात, आणि तुम्हाला त्यातली एकच हवी आहे.

एका रंगाची नीट केलेली व्याख्या

आपल्या देशात हे काम फार पूर्वी आणि फार चांगले झालेले आहे. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा ठरावात वरच्या पट्ट्याचा रंग गडद केशरी म्हटला होता. पण कापड रंगवणाऱ्याला ‘गडद केशरी’ एवढे सांगून चालत नाही. म्हणून १९५१ मध्ये भारतीय मानक क्रमांक १ निघाले, देशातले पहिले मानक, आणि ते राष्ट्रध्वजाचे होते. १९६४ मध्ये ते मेट्रिक पद्धतीनुसार सुधारले गेले. त्यात केशरी रंग शब्दांत सोडून दिलेला नाही. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या, म्हणजे सीआयईच्या पद्धतीने तो आकड्यांत बांधला आहे: क्ष ०.५३८, य ०.३६० आणि उजळपणा २१.५. हिरव्याचे आकडे ०.२८८, ०.३९५ आणि ८.९. पांढऱ्याचेसुद्धा आकडे दिलेले आहेत, आणि त्याचा उजळपणा ७२.६ आहे, कारण खादीचा पांढरा म्हणजे आदर्श, शंभर टक्के पांढरा नव्हे. शिवाय हे आकडे कोणत्या प्रमाणित प्रकाशात मोजायचे तेही सांगितले आहे. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रकाश न सांगता दिलेला रंगाचा आकडा अर्धवट असतो. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीसारख्या संस्थेत ध्वज तयार होतो तेव्हा त्यामागे अशी काटेकोर व्याख्या उभी असते.

आता याच केशरीचे संगणकावर काय झाले ते पाहा. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांनी सांगतात, प्रत्येक ० ते २५५. इंटरनेटवरच्या अनेक याद्यांत भारतीय केशरी म्हणून लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ हे आकडे वर्षानुवर्षे आहेत. अलीकडच्या याद्यांत त्याच नावाखाली २५५, १०३, ३१ आहेत. नाव एकच, ध्वज एकच. पण या दोन रंगांतले अंतर रंगशास्त्राच्या मापाने काढले, म्हणजे १९७६ च्या सीआयई लॅब पद्धतीतला डेल्टा ई काढला, तर ते सुमारे २६ येते. शेजारी ठेवलेल्या दोन छटांत साधारण १ चा फरक सरावलेल्या डोळ्याला जेमतेम जाणवतो. २६ म्हणजे कुणीही लांबून सांगेल की हे वेगवेगळे आहेत. पहिला आंब्याच्या रसाकडे जातो, दुसरा शेंदराकडे.

यातला ध्वजाच्या जवळचा कोणता? गणित करून पाहिले तर पडद्यावरच्या पांढऱ्याच्या तुलनेत पहिल्याचा उजळपणा सुमारे ४४ टक्के येतो, दुसऱ्याचा सुमारे ३१. मानकात केशरीचा उजळपणा २१.५ आणि त्याच ध्वजावरच्या पांढऱ्याचा ७२.६, म्हणजे केशरी हा पांढऱ्याच्या सुमारे ३० टक्के. दुसरा आकडा बराच जवळ बसतो. स्वातंत्र्यदिनाचा बॅनर करणाऱ्या मंडळाने आणि शाळेने म्हणूनच २५५, १०३, ३१ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणीतरी कुठेतरी मोजले, कोणीतरी नजरेने बसवले, आणि पुढच्यांनी यादी नकलून घेतली, असे झाले की नावाखालचा रंग हळूहळू सरकतो. यादीत आकडा असणे पुरेसे नाही. तो आकडा कुठून आला हेही शेजारी लिहिलेले हवे.

संगणकाच्या जगात याहून विचित्र एक उदाहरण आहे. वेबपानांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित नावांच्या यादीत ‘ग्रे’ म्हणजे तिन्ही आकडे १२८ आणि ‘डार्कग्रे’ म्हणजे तिन्ही आकडे १६९. आकडा जितका मोठा तितका रंग उजळ, म्हणजे ‘गडद’ राखाडी हा साध्या राखाडीपेक्षा फिका. कारण दोन वेगळ्या याद्या एकत्र केल्या गेल्या. एक्स११ या जुन्या प्रणालीत साधा राखाडी १९० होता, त्यामुळे तिथे १६९ गडदच होता. वेबने स्वतःचा राखाडी १२८ ठेवला आणि बाकीची नावे जशीच्या तशी उचलली. दोन संस्थांच्या, दोन दुकानांच्या किंवा दोन सोसायट्यांच्या याद्या जोडताना हीच चूक होते. दोन्ही याद्यांत आलेले नाव एकच रंग दाखवते असे कधीही गृहीत धरू नका. दोन्ही नमुने शेजारी ठेवून बघा.

द्रव्याचे नाव आणि दिसण्याचे नाव

आपला भाग रंगांच्या कारखान्यांचा. ठाण्यात बाळकुमला कलर-केम होती, कल्याणला इंडियन डायस्टफ, आणि डोंबिवली एमआयडीसीत आजही रंगद्रव्ये, रसायने आणि कापड प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. इथल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी ‘शेड’, ‘लॉट’, ‘लॅब डिप’ हे शब्द बोलत मोठे झाले. या धंद्यात कलर इंडेक्स नावाची एक यादी जगभर चालते. पहिल्यांदा ती १९२० च्या दशकात छापली गेली. तिच्यात ‘पिगमेंट ब्लू १५:३’ असे म्हटले की रसायन कोणते ते पक्के ठरते: कॉपर थॅलोसायनिनचे एक ठरावीक स्फटिकरूप, छपाईच्या सायन शाईत वापरले जाणारे.

पण ही यादी द्रव्य सांगते, दिसणे सांगत नाही. तेच द्रव्य दोन कारखान्यांतून आणले, कण बारीक-जाड झाले, मिसळायचे माध्यम बदलले, थर जाड-पातळ झाला, की दिसणारा रंग बदलतो. चित्रकारांना हे ठाऊक असते. दोन कंपन्यांच्या ट्यूबवर एकच नाव असते आणि कागदावर दोन वेगळे रंग उतरतात. म्हणून यादीत दोन रकाने वेगळे ठेवा: कशाने रंगवायचे आणि कसे दिसले पाहिजे. दुसरा रकाना भरल्याशिवाय पहिल्याचा जुळवणीला उपयोग नाही.

उलट्या बाजूचे उत्तम उदाहरण म्हणजे भारतीय मानक क्रमांक ५, तयार रंग आणि एनॅमलच्या छटांचे. त्यात प्रत्येक छटेला नाव आहे आणि क्रमांक आहे: आकाशी १०१, समुद्री हिरवा २१७, कॅनरी पिवळा ३०९, सोनेरी पिवळा ३५६, सिग्नल लाल ५३७. रस्त्यावरच्या स्कूल बसचा पिवळा म्हणजे याच मानकातला सोनेरी पिवळा. कारखान्यातल्या नळांच्या रंगांचे मानक, क्रमांक २३७९, याच नावांवर उभे आहे. पाण्याच्या नळाला समुद्री हिरवा, हवेच्या नळाला आकाशी, वायूंना कॅनरी पिवळा, तेलांना फिका तपकिरी, आम्ल-अल्कलींना गडद जांभळा. एमआयडीसीतल्या कारखान्यात देखभाल करणाऱ्या माणसाला हे रंग वाचता आले पाहिजेत, अग्निशमन दलाच्या जवानालाही. तिथे ‘साधारण हिरवा’ मारून चालत नाही. तुमच्या कारखान्यात नळ रंगवायचे असतील तर रंगवाल्याला नावाबरोबर मानक क्रमांक आणि छटेचा क्रमांक लेखी द्या, आणि डबा आल्यावर छटापट्टीशी ताडून मगच तो उघडू द्या. हा खर्च नाही, ही सुरक्षितता आहे.

वेल्डिंगच्या दुकानातली सिलिंडरेही अशीच. ऑक्सिजनचे काळे, अॅसिटिलीनचे मरून. जुने, पोपडे उडालेले मरून सिलिंडर संध्याकाळच्या उजेडात काळपट दिसते. म्हणून तिथे रंगावर एकट्यावर विसंबू नका, नाव वाचा.

एकमत कसे घडवायचे

समजा तुमच्या मंडळाला, पथकाला किंवा छोट्या कापड व्यवसायाला स्वतःची रंगयादी करायची आहे. तीसेक नावे आहेत: भगवा, केशरी, शेंदरी, नारिंगी, गाजरी, विटकरी, डाळिंबी, राणी, अबोली, आमसुली, मोतिया, बदामी, पोपटी, शेवाळी, मेहंदी, रामा, मोरपिशी, चिंतामणी, फिरोजी, पारवा, राखाडी आणि अशीच. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये ही नावे सर्रास चालतात, आणि भिवंडीच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलतानाही. चिंतामणीवरून तर एकाच घरात दोन मते निघतात.

सुरुवात वादाने करू नका, निवडीने करा. भरपूर छटांचे तुकडे गोळा करा. दुकानांच्या जुन्या शेडकार्डांतले, सुताच्या रिळांचे, कापडाच्या चिंध्यांचे. ते पांढऱ्या नव्हे, राखाडी कागदावर मांडा, कारण पांढरा भोवताल छटा गडद भासवतो. मग प्रत्येकाला एकेकटे बोलावून विचारा: यातला सर्वांत अस्सल मोरपिशी कोणता? बाकीच्यांनी ऐकायचे नाही. उत्तरे कागदावर लिहून घ्या.

असे केल्यावर बहुतेक वेळा आश्चर्य वाटते. सर्वांत अस्सल नमुना निवडताना लोक एकमेकांच्या बरेच जवळ येतात. भांडण असते ते कडेच्या छटांवर, मोरपिशी कुठे संपतो आणि रामा कुठे सुरू होतो यावर. मानववंशशास्त्रज्ञ ब्रेंट बर्लिन आणि भाषाशास्त्रज्ञ पॉल के यांनी १९६९ मध्ये अनेक भाषांवरच्या अभ्यासात हेच नोंदवले: रंगनामांच्या सीमा माणसागणिक हलतात, केंद्रे स्थिर राहतात. म्हणून यादीत आधी केंद्र ठरवा. सीमा नंतर, तीही गरज असेल तरच.

काही नावांवर केंद्रही जुळणार नाही. तिथे मतदान घेऊन एका गटाला हरवण्यापेक्षा ते नाव यादीतून काढून टाकणे चांगले. ‘चिंतामणी’ वगळा आणि त्या जागेवर ‘मोरपिशी, निळसर’ असे लिहा. दुसरा मार्ग, दोन्ही छटा ठेवा आणि नावापुढे १ व २ लावा. यादीचा मान तिच्यातल्या नावांच्या संख्येवर नसतो. अमेरिकेत १९५५ मध्ये केनेथ केली आणि डीन जड यांनी रंगनामांचा जो कोश केला, त्यात हजारो प्रचलित नावे शेवटी २६७ गटांत बसवली. त्या गटांची नावे अगदी साधी आहेत: मूळ रंग आणि त्याला फिका, गडद, उजळ, मळकट अशी विशेषणे. सुंदर नावे लोकांसाठी, साधी नावे कामासाठी. दोन्ही ठेवा. ‘अबोली’ हे नाव टिकले पाहिजे, आणि शेजारी ‘फिका नारिंगी-गुलाबी’ असे लिहिले की अबोलीचे फूल न पाहिलेल्या मुलालाही कळेल.

नाव ठरले की नमुना. कापडासाठी कापडाचा, भिंतीसाठी भिंतीचा, छपाईसाठी त्याच कागदावर छापलेला. तलम रेशमावरचा राणी आणि सुती पॉपलिनवरचा राणी एकाच रंगाने रंगवले तरी वेगळे दिसतात. नमुन्याचे किमान तीन तुकडे एकाच थानातून कापा. एक तुमच्याकडे, एक काम करणाऱ्याकडे, एक बंद पाकिटात, अंधारात. तिन्हींच्या मागे तारीख आणि सह्या. वाद झाला तर बंद पाकीट उघडायचे, फोनमधला फोटो नाही.

नमुना बघायचा उजेडही यादीतच लिहा. उत्तरेकडची खिडकी, दिवसा, थेट ऊन नको. आपल्या आया साडी घेताना ‘जरा बाहेर उजेडात दाखवा’ म्हणायच्या, ते अगदी शास्त्रशुद्ध होते. दुकानातल्या पिवळट दिव्याखाली जुळलेले दोन कापडांचे तुकडे उन्हात वेगळे निघू शकतात, कारण दोन वेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणांनी एका उजेडात एकच रंग दाखवला तरी दुसऱ्यात ती फुटतात. रंगखात्यातली माणसे याला मेटामेरिझम म्हणतात आणि त्यासाठीच लाईट बॉक्समध्ये दोन-तीन वेगवेगळ्या दिव्यांखाली शेड बघतात. घरच्या घरी दोन ठिकाणी बघितले तरी पुष्कळ: खिडकीत, आणि जिथे ती वस्तू वापरायची आहे तिथल्या दिव्याखाली. फेटे मिरवणुकीत उन्हात असणार असतील तर उन्हात बघा. नाट्यगृहातला पडदा असेल तर रंगमंचावरच्या दिव्यांत.

मोजणी करून घेता आली तर उत्तमच. कापड प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत आणि मोठ्या रंगदुकानांत रंग मोजणारे यंत्र असते. त्याच्याकडून लॅबचे तीन आकडे घ्या. एल म्हणजे उजळपणा, ० ते १००. ए म्हणजे लाल की हिरवा. बी म्हणजे पिवळा की निळा. आकड्यांसोबत प्रकाश कोणता ते लिहून घ्या. सहसा डी६५ असतो, म्हणजे साधारण ६५०० केल्व्हिनचा दिवसाचा उजेड. मग मुभा ठरवा: किती फरक चालेल? शेजारी शेजारी शिवायच्या कापडांत डेल्टा ई १ च्या आसपास ठेवावा लागतो. वेगवेगळ्या ठिकाणी लावायच्या फलकांत त्याहून जास्त चालतो. मुभा न लिहिता ‘एकदम सेम’ अशी अट घालणे म्हणजे भांडणाला आमंत्रण, कारण एकदम सेम असे कारखान्यात काही नसते.

एक नोंद पुरी झाल्यावर कशी दिसेल? उदाहरणादाखल: मोरपिशी. साधे वर्णन, गडद निळसर हिरवा. नमुना क्रमांक १४, सुती पॉपलिन. पडद्यासाठी अंदाजे ०, ११०, ११५, फक्त जाहिरातीसाठी, कापड जुळवण्यासाठी नाही. शेजारी: रामा याहून हिरवा, फिरोजी याहून उजळ आणि निळा. मुभा, डेल्टा ई १.५. ठरवले कोणी, कधी. ‘शेजारी’ हा रकाना लोक विसरतात आणि मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. दुकानदार नमुना न बघता बोलत असला तरी ‘रामापेक्षा निळा हवा’ हे त्याला फोनवरही कळते.

सोसायटीच्या भिंती

ठाणे-डोंबिवलीत पावसाळा संपला की बाहेरच्या रंगकामाचे प्रस्ताव सर्वसाधारण सभेत येतात. सभेत शेडकार्ड फिरते आणि टपाल तिकिटाएवढ्या चौकोनावर बोट ठेवून शंभर घरांचा निर्णय होतो. असे करू नका. छोट्या चौकोनात फिका वाटलेला क्रीम सात मजली भिंतीवर पिवळा भासतो, राखाडी निळसर दिसू लागतो. निवडलेल्या दोन-तीन छटा खऱ्या भिंतीवर, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या बाजूला, किमान दरवाजाएवढ्या आकारात दोन हात मारून घ्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सदस्यांना बघू द्या. ओला आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो, म्हणून निर्णय दुसऱ्या दिवशी.

करारात ‘ऑफ व्हाइट’ किंवा ‘विटकरी’ असे न लिहिता कंपनी, उत्पादनाचे पूर्ण नाव, शेड कोड, फिनिश, बेस हे सगळे लिहा. एकाच शेड कोडचा रंग दुसऱ्या बेसमध्ये किंवा दुसऱ्या उत्पादनात मिसळला की वेगळा येऊ शकतो. मशिनवर मिसळलेल्या डब्यांचे लॉट नंबर आणि डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो ठेवा. एका सलग भिंतीला पुरेल इतका रंग एकाच वेळी मिसळून घ्या, आणि वेगळ्या वेळी आलेले डबे मोठ्या पिंपात एकत्र ढवळून घ्या. चांगले रंगारी हे न सांगता करतात. थोडा रंग फायबर सिमेंटच्या एका फळीवर लावून, मागे तपशील लिहून, ती सोसायटीच्या कपाटात ठेवा. पाच वर्षांनी गच्चीची भिंत दुरुस्त कराल तेव्हा ती फळी शेडकार्डापेक्षा खरी निघेल. बाहेरची भिंत मात्र उन्हापावसाने फिकी झालेली असेल, म्हणून जुन्या भिंतीला जोड द्यायची असेल तर फळीवरून नाही, भिंतीवरूनच शेड मोजून घ्या.

फोटोवर किती विसंबायचे

फोनचा कॅमेरा उजेड ओळखून रंग स्वतःच बदलतो, व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करते, आणि समोरच्याचा पडदा तिसरेच काही दाखवतो. तरी फोटो पाठवावाच लागतो. तेव्हा चौकटीत एक कोरा पांढरा कागद आणि एक दोघांनाही माहीत असलेली रंगीत वस्तू ठेवा. फोटोत कागद पिवळट दिसला तर बाकीचे रंगही तेवढेच पिवळट झाले आहेत, हे बघणाऱ्याला कळते.

हीच युक्ती आपल्या भागात एका गंभीर कामाला लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाल्याच्या बातम्या राज्यभर गेल्या आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाहणी केली. नाल्यांचे आणि वालधुनी नदीचे पाणी रंगीत झाल्याच्या तक्रारी त्याआधीही होत्या आणि नंतरही आल्या. अशी तक्रार करताना ‘पाणी लाल होते’ एवढेच लिहू नका. लालसर तपकिरी गाळामुळेही येतो आणि रंगद्रव्यामुळेही. सुरक्षित जागेवरून, पाण्याला हात न लावता, पांढऱ्या कागदासह फोटो घ्या. वेळ, नेमके ठिकाण, पाण्याचा प्रवाह कुठून येत होता ते लिहा, आणि रंगाचे साधे वर्णन द्या: गडद की फिका, कशाकडे झुकलेला, आरपार दिसतो की गढूळ. पिण्याच्या पाण्याच्या रंगाला तर मानकच आहे. भारतीय मानक १०५०० नुसार ५ हेझनपर्यंत रंग स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर १५ पर्यंत चालतो. नळाला पिवळट पाणी आले तर पांढऱ्या कपासमोर दोन सारख्या काचेच्या पेल्यांत ते पाणी आणि स्वच्छ पाणी ठेवून तुलना करा, आणि शंका आली तर नमुना तपासायला द्या. ‘जरा पिवळे येते’ हे वाक्य वर्षभर ऐकत बसण्यापेक्षा एक आकडा मागणे केव्हाही बरे.

यादी जिवंत ठेवणे

नमुने फिके होतात. कापड दोन-तीन वर्षांत, छापील कागद त्याहून लवकर, हाताळला तर आणखी लवकर. म्हणून वर्षातून एकदा वापरातले तुकडे बंद पाकिटातल्या तुकड्याशी ताडून बघा. फिका झालेला तुकडा फेकून द्या. त्याच्याशी जुळवत राहिलात तर तुमचा राणी दरवर्षी थोडा गुलाबी होत जाईल आणि कुणाला कळणारही नाही. ताडून बघणारी माणसे शक्यतो दोन असावीत, त्यातले एक तरुण. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होते आणि नेव्ही ब्लू व काळा यांतला फरक कमी उजेडात लवकर हरवतो.

व्याख्या बदलायची वेळ आली तर जुनी नोंद पुसू नका. तिच्यावर रेघ मारा, नव्या नोंदीला नवा क्रमांक द्या, आणि बदल का केला ते एका ओळीत लिहा: जुना रंग बाजारातून गेला, कापड बदलले, मोजणी सुधारली. जुन्या ऑर्डरी जुन्या क्रमांकावरच राहतात. ‘केशरी, नमुना ३, २०१९’ आणि ‘केशरी, नमुना ७, २०२५’ या दोन नोंदी शेजारी ठेवता आल्या, तर २०१९ ला शिवलेल्या पथकाच्या फेट्याला जोड हवी असताना कुठला तुकडा न्यायचा हे विचारायला कुणाला फोन करावा लागत नाही.